मेकॅनिकल ब्रॉडहेड कोणतं घ्यावं: नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

ऑगस्ट लागला की फोन सुरू होतात. कोणाचा भाचा मिनेसोटात, कोणाची मुलगी-जावई टेक्सासला, कोणाचा मित्र मिहानमधून बदली होऊन तिकडे गेलेला, आणि तिकडे सप्टेंबरच्या आसपास बहुतेक राज्यांत धनुष्याने हरणाच्या शिकारीचा सीझन उघडतो. इथे तिरंदाजीच्या रेंजवर कंपाउंड (कप्पीवालं धनुष्य) मारलेले हे लोक तिकडे गेल्यावर ऑफिसातल्या कोणाच्या तरी नादाने लायसन्स काढतात आणि मग दुकानात तीस-चाळीस प्रकारची ब्रॉडहेडं, म्हणजे शिकारीच्या बाणाला लावायची धारदार पात्यांची टोकं, पाहून गोंधळतात आणि आम्हाला विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं.

इथे नागपुरात शिकार चालते का?

नाही. पहिलं हेच उत्तर, कारण व्हिडिओ पाहून विचारणारी पोरं भरपूर आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या कलम ९ मध्ये शिकारीला बंदी आहे, आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, मारायचा प्रयत्न करणं, पकडणं, फासे लावणं, हाकलत नेणं हे पण त्यातच धरतात. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि त्यात दंड वाढले. साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद नाहीतर १ लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा अभयारण्याच्या, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत केलं असेल तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. पेंच, बोर, उमरेड-करांडला, ताडोबा हे सगळं आपल्या आजूबाजूला आहे, तेव्हा रविवारी गाडी काढून जाऊन पाहू, ससाच तर आहे, असं डोक्यात पण आणू नका.

खाली जे लिहिलंय ते जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी, म्हणजे मुख्यतः अमेरिका. इंग्लंडवाल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, तिकडे १९८१ च्या कायद्यानुसार धनुष्याने वन्यप्राणी मारायला मनाई आहे.

आमच्या शेतात रानडुकरं घुसतात, पीक पार झोपवतात. त्यासाठी तरी धनुष्य चालेल ना?

हा प्रश्न काटोल, उमरेड, भिवापूर साइडचे लोक विचारतात आणि त्यांचा राग समजतो, रात्रभर जागलीवर बसून पण सकाळी पाहावं तर अर्धा एकर तूर-सोयाबीन उलटंपालटं. पण उत्तर नाहीच आहे. पिकाला धोका झालेल्या प्राण्याबद्दल कायद्यात कलम ११ आहे, पण तिथे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देतो, आपल्या मनाने कोणी काही करायचं नसतं. परवानगी नसताना बाण मारला तर शेतकरीच आरोपी. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, आणि वनविभागाचा हॅलो फॉरेस्ट १९२६ हा नंबर आहे तो लावा. भरपाईत वेळ जातो हे माहीत आहे भाऊ, पण रस्ता तोच आहे.

आणि खरं सांगायचं तर अंधारात, टॉर्चच्या उजेडात, पळणाऱ्या डुकराला बाण मारणं म्हणजे जखमी डुक्कर उसात सोडणं. सकाळी त्याच उसात बायामाणसं कामाला जातात.

मेकॅनिकल ब्रॉडहेड म्हणजे नेमकं काय?

आपण रेंजवर जे टोक लावतो ते फील्ड पॉइंट, नुसतं टोकदार, पातं नाही. ब्रॉडहेडला धारदार पाती असतात. फिक्स्डमध्ये पाती कायम उघडी. मेकॅनिकलमध्ये उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी, तिकडे एक्सपांडेबल पण म्हणतात. तिसरा प्रकार हायब्रिड, त्यात दोन छोटी पाती कायम बाहेर आणि दोन मोठी उघडणारी. चुडी, म्हणजे स्क्रूचे आटे, सगळ्यांना बहुतेक एकच, ८-३२ ची, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या इन्सर्टमध्ये (बाणाच्या तोंडातल्या आट्यांच्या नळीत) बसतात, फक्त ईस्टनचे डीप सिक्सवाले बारीक बाण असतील तर त्याची चुडी वेगळी, घेताना पाकीट पाहून घ्या.

मेकॅनिकल फिक्स्डपेक्षा जास्त अचूक असतं म्हणतात, खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यापायीच लोक फसतात.

बाणाला मागे पिसं असतात, म्हणजे व्हेन, ती बाणाला सरळ ठेवतात. पुढे उघडी पाती लावली की हवा त्या पात्यांवर पण काम करायला लागते, म्हणजे आता बाण पुढूनही वळवला जातोय आणि मागूनही. बाण धनुष्यातून एकदम सरळ निघाला तर दोघांचं भांडण होत नाही. पण थोडासा जरी तिरका निघाला, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) जरा डावीकडे, टोक जरा उजवीकडे, तर पुढची पाती त्याला तिकडेच खेचतात आणि ४० यार्डावर तुमचा ग्रुप (एकत्र पडलेल्या बाणांचा झुबका) फील्ड पॉइंटच्या ग्रुपपासून चांगलाच बाजूला जातो. मेकॅनिकलची पाती मिटलेली असतात, हवा लागायला जागा कमी, म्हणून तो तिरकेपणा तेवढा दिसत नाही, आणि आडव्या वाऱ्यात पण तो कमी सरकतो. एवढं खरं आहे.

खोटं काय, तर त्याने तुमचं धनुष्य दुरुस्त झालं असं समजणं. बाण तिरकाच निघून राहिलाय, फक्त तुम्हाला दिसत नाहीये. तिरका गेलेला बाण लागतो पण तिरका, टोकाच्या मागे सगळी दांडी एका रेषेत नसते, मग जोर आत जायच्या ऐवजी दांडी वाकवण्यात जातो आणि मेकॅनिकलला तर पाती उघडायला पण जोर लागतो, म्हणजे दुहेरी नुकसान. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की आधी ट्यूनिंग करा, म्हणजे बाण सरळ निघेल असं धनुष्य जुळवा, आणि मग हेड निवडा, उलटं करू नका. ज्याच्या धनुष्यातून फिक्स्ड नीट जातं त्याच्या धनुष्यातून मेकॅनिकल हमखास नीट जातं, पण मेकॅनिकल नीट गेलं म्हणून फिक्स्ड जाईल असं नाही, आणि यातूनच ट्यूनिंग कसं तपासायचं ते पण कळतं.

मग ट्यूनिंग करायचं कसं, घरी होतं का?

होतं. कॅमचं (कप्प्यांचं) टायमिंग, सेंटर शॉट (बाण दोरीच्या रेषेत मधोमध बसणं) आणि डी-लूपची (दोरीवरच्या छोट्या फासाची) जागा एकदा पाहून घ्या, शक्यतो पेपर ट्यून करा, म्हणजे फ्रेममध्ये ताणलेल्या कागदातून जवळून बाण मारायचा आणि फाटलेला भाग पाहायचा, गोल भोक आणि तीन पिसांचे चिरे दिसले तर बाण सरळ निघतोय.

त्यानंतर खरी परीक्षा. त्याच वजनाचे फील्ड पॉइंट आणि त्याच वजनाचे ब्रॉडहेड, बाण तेच. २० यार्डावर दोन्ही मारा, मग ३०, मग ४०. २० वर सगळंच बरं दिसतं, त्यावर जाऊ नका. ब्रॉडहेडचा ग्रुप उजवीकडे पडत असेल तर ॲरो रेस्ट (बाण टेकतो तो आधार) डावीकडे सरकवा, डावीकडे पडत असेल तर उजवीकडे. खाली पडत असेल तर रेस्ट वर. म्हणजे ब्रॉडहेड जिकडे जायला पाहिजे तिकडे रेस्ट न्यायचा, सोपं आहे. पण सरकवायचं किती, तर इंचाचा ३२ वा भाग, मिलिमीटरपेक्षा पण थोडं कमी, आणि परत मारायचं. साइटला (नेम धरायच्या खुणेला) या वेळी हातच लावायचा नाही. बहुतेक लोक पहिलं साइटच फिरवतात आणि मग फील्ड पॉइंट बिघडतात, मग ते परत फिरवतात, आणि आख्खा रविवार त्यातच जातो. दोन्ही ग्रुप एका जागी आले की मगच साइट लावा.

थकलेल्या हाताने हे करू नका. ग्रुपच मोठा पडत असेल तर दोन ग्रुपमधला फरक दिसणार कसा?

पाकिटावर लिहिलंय की हे हुबेहूब फील्ड पॉइंटसारखं उडतं. विश्वास ठेवायचा का?

पाकिटावर नाही. तुमच्या धनुष्यावर, तुमच्या बाणावर मारून पाहा आणि त्यावर ठेवा.

हेड लावल्यावर बाण तळहातावर किंवा स्पिनरवर फिरवा आणि टोकाकडे पाहा. टोक थरथरलं, म्हणजे गोल फिरायच्या ऐवजी हलताना दिसलं, तर एकतर हेड वाकडं नाहीतर इन्सर्ट वाकडा नाहीतर बाणाचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. हेड दुसऱ्या बाणावर लावून पाहा, तिथे सरळ फिरलं तर दोष बाणात. बाणाचं तोंड घासून सरळ करायचं साधं टूल मिळतं, ते घेणं महागड्या हेडपेक्षा जास्त कामाचं आहे.

पाती बोटाने हलवून पाहा. (सावकाश हो, ती वस्तऱ्यासारखी असतात.) मिटलेली असताना खडखड वाजत असतील, एक पातं दुसऱ्यापेक्षा जास्त बाहेर आलेलं असेल तर तो नग बाजूला. आणि वजन करा. १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, १२५ म्हणजे ८.१ ग्रॅम. सोनारकामाला वापरतात तो ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा इतवारीत कुठेही मिळतो, त्यावर तिन्ही हेड टाकून पाहा. एका ग्रेनचा फरक म्हणजे ०.०६५ ग्रॅम, तेवढा चालतो. तीन-चार ग्रेनचा फरक असेल तर जोड्या लावून हलके एकीकडे, जड एकीकडे करा.

समोरून उघडणारं घ्यावं की मागे सरकणारं?

समोरून उघडणाऱ्यात पात्याचं टोक पुढे मिटलेलं असतं, लागल्यावर ते उलट्या झालेल्या छत्रीसारखं मागे पडतं. एनएपी कंपनीचं स्पिटफायर हे यातलं जुनं नाव, त्यात रबर नाही, आत स्प्रिंग क्लिप असते. या प्रकारात पाती मागे पडेपर्यंत थोडा जोर जातो आणि सुरुवातीचं भोक लहान पडतं, तिरक्या कोनात लागलं तर एक पातं आधी अडकून बाण घसरायची शक्यता पण यातच जास्त.

मागे सरकणाऱ्यात लागताक्षणी पाती मागे सरकत बाहेर येतात, म्हणजे आत शिरतानाच कट पूर्ण असतो. रेज हे नाव तिकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यात पाती धरून ठेवायला प्लास्टिकची शॉक कॉलर असते, ती एकदा वापरली की बदलायची. सेव्हर नावाचं पण आहे, त्यात हाडाला लागलं तर पाती थोडी डावी-उजवी झुलतात, आणि स्क्रूने पाती लॉक करून त्याच हेडने प्रॅक्टिस करता येते, हे मला फार आवडतं.

नव्या माणसाला मी मागे सरकणारं, दोन पात्यांचं सांगतो. पण ज्यांच्याकडे स्पिटफायर आधीच आहे आणि नीट उडून राहिलंय त्यांनी बदलायचं काही कारण नाही.

माझ्या धनुष्यात एवढी ताकद आहे का?

हे गणित करून पाहा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. बाणाचं पूर्ण वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, वेग फूट पर सेकंदमध्ये, आणि भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडमध्ये येतं.

भाच्याचं ६० पाउंडाचं धनुष्य, बाण ४२० ग्रेन, वेग २६०. उत्तर ६३ च्या आसपास. त्याच्या बायकोचं ४५ पाउंडाचं धनुष्य, बाण ३५० ग्रेन, वेग २१५. उत्तर ३६.

ईस्टन कंपनीचा एक तक्ता वर्षानुवर्षं वापरतात. त्यात २५ ते ४१ फूट-पाउंड हरणासारख्या मध्यम प्राण्याला, ४२ ते ६५ एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांना, आणि त्याच्या वर सगळ्यात दणकट प्राण्यांना. म्हणजे तक्त्याप्रमाणे ३६ मध्ये हरणाचं काम होतं. पण तो तक्ता मेकॅनिकल डोळ्यासमोर ठेवून केलेला नाही. ३६ वाल्या माणसाने दोन इंचाचं मेकॅनिकल लावलं तर बाण आत जाऊन अडकतो, आरपार जात नाही, मग रक्ताचा माग मिळत नाही. म्हणून सूनबाईंना मी सरळ फिक्स्ड सांगितलं, दोन पात्यांचं, आणि ट्यूनिंगवर मेहनत घ्या म्हटलं. भाच्याने काय पाहिजे ते लावावं.

माझा अंदाज असा की ५० फूट-पाउंडाच्या खाली मेकॅनिकलच्या नादी लागू नये, आणि लागलाच तर दीड इंचाच्या वर जाऊ नये. हा अनुभवी लोकांशी बोलून आणि बाण मारून बनलेला अंदाज आहे, नियम नाही.

वेग कुठून आणायचा? क्रोनोग्राफवर मोजून. धनुष्याच्या जाहिरातीतला वेग घेऊ नका, तो ३० इंच ड्रॉ (दोरी ताणायची लांबी), ७० पाउंड आणि ३५० ग्रेनच्या बाणावर काढलेला असतो, तुमचं त्यातलं एकही नसतं.

कट किती मोठा घ्यावा?

दीड ते दोन इंच. सव्वादोन, अडीच इंचाची पण येतात आणि तरुण पोरांना तीच पाहिजे असतात. जोर ६५ च्या वर असेल आणि समोर फक्त पांढऱ्या शेपटीचं हरीण असेल तर दोन इंच ठीक. बाकी सगळ्यांना दीड-पावणेदोन. मोठं भोक एकाच बाजूला पडण्यापेक्षा मध्यम भोक दोन्ही बाजूंना पडलेलं बरं, माग काढायला सोपं जातं.

१०० ग्रेन की १२५?

जे तुमचे फील्ड पॉइंट आहेत तेच. १०० ने प्रॅक्टिस करून शेवटच्या आठवड्यात १२५ लावणारे लोक आहेत, काहून करतात कोणास ठाऊक.

पुढचं वजन वाढलं की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे कागदावर स्पाइन (बाणाचा कडकपणा) तीच असून वागायला बाण मऊ होतो. स्पाइनचा आकडा म्हणजे २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर १.९४ पाउंड टांगल्यावर तो किती वाकतो ते, ५०० म्हणजे अर्धा इंच, ३४० म्हणजे ०.३४ इंच, आकडा लहान तेवढा बाण कडक. आधीच काठावर असलेल्या बाणाला २५ ग्रेन वाढवले तर तो काठाच्या पलीकडे जातो आणि मग दोष ब्रॉडहेडला देतात. वेग पण साधारण ७-८ फुटांनी पडतो, म्हणजे साइटच्या पिना परत लावा.

तोल पण पाहा. बाण बोटावर तोलून नॉकच्या खाचेपासून तोलाचा बिंदू मोजा, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करा, लांबीने भागा आणि १०० ने गुणा. २८ इंचाचा बाण १७.५ वर तोलला तर १२.५ टक्के. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के चांगले मानतात. लांबी मोजताना टोक धरायचं नाही, दांडीच्या कडेपर्यंतच.

पाकिटात प्रॅक्टिस हेड येतं, तेवढ्याने भागतं ना?

सुरुवातीला भागतं. पण सीझनच्या आधी खऱ्या हेडपैकी एक त्याच बाणाने नक्की मारून पाहा, कारण प्रॅक्टिस हेडमध्ये पाती नसतात किंवा बंद केलेली असतात आणि खऱ्याचा समतोल थोडा वेगळा असू शकतो. मारलेलं ते हेड मग प्रॅक्टिसलाच ठेवा, नाहीतर पाती आणि कॉलर बदलून परत तपासा. फोमचा ब्लॉक वापरा, कापडी बॅगेत मारू नका, बॅग फाटते आणि पाती आतच राहतात. ८-९ इंचाची कागदी प्लेट लावा, लग्नाच्या पंगतीतली चालेल. हरणाच्या मर्माची जागा साधारण तेवढीच असते. पहिला बाण, थंड हाताने, वॉर्मअप न करता, त्या प्लेटमध्ये जिथपर्यंत बसतो तेवढंच तुमचं अंतर. दहावा बाण कुठे बसला ते तिकडे जंगलात कोणी विचारत नाही.

हेड हवेतच उघडलं असं होतं का?

होतं, पण जेवढं सांगतात तेवढं नाही. सगळ्यात जास्त कारण म्हणजे ओ-रिंग किंवा रबर जुनं झालेलं. रबर उन्हाने कडक होतं, चिरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत बाणांचा डबा ठेवला तर रबरच काय, हॉट मेल्टने चिकटवलेला इन्सर्ट पण सैल होतो. टेक्सास, ॲरिझोनावाल्यांना हे तसंच्या तसं लागू. रबरवालं हेड घेतलं तर दर सीझनला नवे रबर, विषय संपला. कॉलरवाल्याला पण सीझनच्या आधी नवी कॉलर.

दुसरं कारण क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं घोडा दाबून मारायचं धनुष्य. आजकाल ४०० फूट पर सेकंदवाले आहेत, त्यांच्या झटक्याने साधी पाती सुटतात, म्हणून क्रॉसबोसाठी घट्ट पकडीची हेड वेगळी मिळतात. साधी लावून पैसे वाचवू नका. आणि झुडपाची फांदी मधे आली तर कोणतंही मेकॅनिकल उघडू शकतं, तो त्या हेडचा दोष नाही.

कोणत्या कोनातून मारायचं?

आडवं उभं असताना, किंवा तोंड पलीकडे करून थोडं तिरपं उभं असताना. बस. समोरून नाही, फार तिरकं नाही, पळताना तर नाहीच. मेकॅनिकलवाल्याने हे जास्त पाळायचं, कारण खांद्याच्या जाड हाडावर लागलं तर पाती उघडण्यातच जोर संपतो. शंका आली तर ताणलेली दोरी बाण न सोडता सावकाश परत जागेवर आणा, तिकडचे चांगले शिकारी हे रोज करतात आणि त्यात लाज मानत नाहीत.

तिकडे सगळ्या राज्यांत मेकॅनिकल चालतं का?

बहुतेक ठिकाणी चालतं, पण गृहीत धरू नका. आयडाहोत वर्षानुवर्षं बंदी होती. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत रुंदी कमीत कमी ७/८ इंच पाहिजे आणि मेकॅनिकल उघडं करून मोजतात. नियम दरवर्षी बदलतात, त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक फुकट असतं, ते मित्राच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा. पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला बऱ्याच राज्यांत शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, आणि काही ठिकाणी धनुष्याचा वेगळा.

स्वस्तातली चालतात का?

तीनच्या पाकिटाला साधारण ४० ते ६० डॉलर पडतात. दहा डॉलरला डझन मिळणारी नक्कल ऑनलाइन भरपूर आहे, दिसायला हुबेहूब. पात्याची पिन वाकते, वजनं जुळत नाहीत, धार नावापुरती. पैसे कमी असतील तर चांगलं फिक्स्ड घ्या, ते धार लावून परत वापरता येतं.

नागपुरात रेंजवर ब्रॉडहेड मारून पाहता येईल का?

नाही, आणि विचारू पण नका, कोच रागावतील आणि बरोबरच रागावतील. रेंजवर शाळेची पोरं असतात आणि एका ब्रॉडहेडने बटचा (टार्गेटच्या मागच्या गादीचा) सत्यानाश होतो. स्पर्धेतही ती चालत नाहीत.

पण कंपाउंडची गोडी लागलीय आणि शिकारीला तिकडे जायचं नाही, तर इथे भरपूर काही आहे भाऊ. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडचा विश्वविजेता झाला, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तीन सोनं घेऊन आला. साताऱ्याची अदिती स्वामी तिथेच बर्लिनला १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर, धनुष्य ६० पाउंडांपर्यंतच. आणि लॉस एंजेलिस २०२८ ला कंपाउंड मिक्स्ड टीम ऑलिंपिकमध्ये आहे. ट्यूनिंगचं जे वर लिहिलं त्यातलं बहुतेक सगळं तिथे पण लागतं, फक्त तिथे ब्रॉडहेडच्या ऐवजी बिनपिसाचा बाण मारून पाहतात.

भाचा दिवाळीत येतोय, त्याला ब्रॉडहेड आणायला सांगू का? शोकेसमध्ये ठेवायला.

नको. विमानात हातातल्या बॅगेत तर अजिबात चालत नाही, आणि चेक-इनमध्ये टाकून आणलं तरी इथल्या कस्टमने अडवलं तर तुम्ही काय सांगणार, शोकेस? इथे आर्म्स ॲक्ट १९५९ आहे, वर सणासुदीला आणि अधिवेशनाच्या काळात पोलिसांचे मनाईचे आदेश निघतात तेव्हा धारदार वस्तू घेऊन फिरणं म्हणजे ठाण्यात जाऊन बसणं. ती तिकडेच त्याच्या गॅरेजमध्ये राहू द्या. आणायचंच असेल तर चांगली रिलीज (दोरी सोडायचं हातातलं यंत्र), नॉकचं पाकीट, व्हेन आणि डी-लूपची दोरी आणायला सांगा, दोरी जरा जास्तच सांगा.